तपासणीपुरतं घर

मी भाड्याच्या घराची घरभरणी केली.

हसा, हरकत नाही. त्या दिवशीही सगळे हसलेच होते. माणूस स्वतःचं घर बांधतो आणि मग घरभरणी करतो. मी दुसऱ्याच्या प्लॉटवर, दुसऱ्याच्या बंगल्यामागं, दुसऱ्यानं बांधलेल्या दोन खोल्यांत दूध उतू घातलं, गव्हाची हुग्गी, म्हणजे गूळ घालून खीर, केली आणि माणसं जेवायला बोलावली. आमच्यात आता दूधबीध कुणी करत नाही. पण निपाणीहून आई आली होती. ती म्हणाली, "दूध उतू गेलं की घर टिकतंय रं." म्हटलं, टिकू दे. फौंड्रीतले सोबती आले. भिंतीवर निळ्या कोटातला, चष्म्यातला फोटो मी स्वतः लावला, लेव्हल धरून सरळ केला. एवढा खुळेपणा कमी पडला म्हणून की काय, उभा राहून भाषणही केलं. "हे माझं घर. माझ्या सरांनी मला दिलेलं घर."

सर खुर्चीत बसले होते. त्यांच्या मॅडम दारात उभ्या होत्या. चपला न काढता, एक पाय आत, एक बाहेर. त्या म्हणाल्या,

"अहो, घरभरणी मालक करतात. भाडेकरू करत नाहीत. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

सर म्हणाले, "असू दे गं. हौस आहे त्याची."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. अपमान झाला की आधी आपणच हसायचं, म्हणजे त्याचा विनोद होतो. ही माझी जुनी युक्ती. आई तेवढी हसली नाही. पदराखाली हात घेऊन बसून राहिली.

हुग्गी वाढली. सरांचं पोट बरं नव्हतं. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. मॅडम म्हणाल्या, "डब्यात द्या, घरी निवांत खातो." डबा भरून दिला. वर तूप घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपाउंडच्या भिंतीवर कावळे जमले होते. हुग्गी खात होते. तुपासकट. मी बायकोला म्हणालो, "बघ गं, मॅडम पाखरांनाबी घालत्यात. किती दयाळू मन!"

बायकोनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि भांडी घासायला गेली. माझी बायको सुनंदा शहाणी आहे. घरात एकानं तरी असावं.

सर म्हणजे कोण, ते सांगतो. निपाणीच्या हायस्कुलात ते मला मराठी शिकवायचे. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. संध्याकाळी ती घरात आली की आम्हा पोरांना शिंका यायच्या. मलाही वखारीतच घालायचं घाटत होतं. तेव्हा सर आमच्या गल्लीत आले. त्याआधी आमच्या गल्लीत कधी मास्तर आला नव्हता. दारासमोर उभं राहून ते आईला म्हणाले, "पोराला वखारीत घालू नका. बोलतो चांगला." आई त्यांच्या पाया पडली. मीही पडलो. ते बाहेरच उभे होते, आत आले नव्हते, हे कळायला मला निम्मं आयुष्य लागलं.

पण खोटं कशाला बोलू? त्यांच्यामुळंच मी दहावी झालो. आयटीआय केलं. बेळगावला फौंड्रीत लागलो. पुढं सर रिटायर झाले आणि तेही बेळगावला आले. हिंडलग्याच्या वाटेवर नव्या कॉलनीत बंगला बांधला. समतेवर व्याख्यानं द्यायचे. सीमाभागातल्या मराठी माणसानं एकमेकाला धरून राहिलं पाहिजे, म्हणायचे. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचो. फौंड्रीच्या कामानं तळहात जाड झालेत. टाळीचा आवाज मोठा येतो.

त्याच वेळी मी घर शोधत होतो. बेळगावात आम्ही घर शोधणं म्हणजे काय, ते आमच्यातल्यालाच विचारा. पाटी असते, 'खोली भाड्याने देणे आहे'. आपण आत जातो. या, बसा. काय काम करता? पोरं किती? मग आडनाव. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असते, पाटी तेवढी काढायची राहिलेली असते. मालक कन्नड असो नाहीतर मराठी. एरवी बोर्डावरच्या अक्षरांवरून भांडतात, पण इथं दोघांचं एकमत. एक आज्जी तर आडनाव ऐकून मला गेटपर्यंत सोडायला आली. मला वाटलं, वयस्कर बाई, मान देतेय. मी बाहेर पडलो तसं तिनं आतून कुलूप घातलं.

मग सरांचा फोन आला. "अरे, मागच्या अंगाला दोन खोल्या बांधल्यात. तू ये राहायला." आडनाव विचारलं नाही. त्यांना ते माहीतच होतं. माझी पोरगी तेजू नववीत, तिची शाळा तिथून चालत जाण्याएवढी जवळ. मी फोनवरच रडलो. फौंड्रीतल्यांना सांगितलं, डोळ्यात वाळू गेली.

नियमाचं मला नंतर कळलं. त्या कॉलनीत एका प्लॉटवर एकच घर. मागं दुसरं लहान घर बांधायचं असेल तर बांधकामाची परवानगी देणाऱ्या सरकारी ऑफिसची अट होती. ते कमी कमाईच्या कुटुंबालाच भाड्यानं द्यायचं आणि भाडं ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर न्यायचं नाही. अट मोडली की दुसऱ्या घराची परवानगी गेली. साहेब मधूनमधून येऊन बघणार. नियम चांगला आहे. आमच्यासारख्यांसाठीच केलेला आहे. सरांना एक गरीब माणूस पाहिजे होता. ओळखीचा, हाताखालचा, उलटून न बोलणारा. मी परीक्षेला न बसताच पास झालो होतो.

पहिल्यांदा साहेब यायचे होते तेव्हा सर स्वतः मागं आले. म्हणाले, "तो फोटो पुढच्या खोलीत लाव. दारातून दिसेल असा." माझी छाती फुगली. सरांना आमचा फोटो दर्शनी पाहिजे! साहेब आले, दारातूनच फोटो बघितला, मान हलवून गेले. दुपारी मॅडम आल्या. "आता आत घेतला तरी चालेल. रस्त्यावरून दिसतो तो." मी आत घेतला. पुन्हा लेव्हल धरून.

एके दिवशी सर म्हणाले, "वरून गळतंय. काम काढायचंय. महिनाभर दुसरीकडं सोय बघ." आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, अनगोळात, एका सोबत्याच्या ओळखीनं एक खोली घेतली. महिना झाला, फोन नाही. मीच बघायला गेलो. म्हटलं, सिमेंटबिमेंट लागलं तर मदत करू. दारात बुटांचा ढीग. आत कॉटांना कॉटा लागलेल्या. इंजिनिअरिंगची पोरं. एक पोरगा चड्डीवर बाहेर आला, म्हणाला, "कुणाला पाहिजे?"

कुणाला पाहिजे? मी पुढं बंगल्याकडं वळलो.

सर व्हरांड्यात पेपर वाचत होते. पेपर घडी न घालता म्हणाले, "अरे, भाड्याला मर्यादा घालून ठेवलीय त्यांनी. तेवढ्यात बँकेचा हप्तासुद्धा निघत नाही. कॉटेमागं भाडं घेतलं की बरं पडतं. पण तू मनाला लावून घेऊ नको. तिथं नाव तुझंच आहे. घर तुझंच समज."

मी समजलो. दिलेलं समजून घ्यायची आम्हाला सवयच आहे. तेजूला आता शाळेला दोन बसा बदलाव्या लागायच्या. पहिला तास रोज चुकायचा. मी तिला सांगितलं, सर पुढच्या वर्षी बघतो म्हणाल्यात. सर तसं म्हणाले नव्हते.

मग पुन्हा फोन. "उद्या साहेब येतायत. वहिनींना घेऊन ये. चार भांडी, थोडे कपडे आण. सकाळभर थांबा, स्वयंपाक करा. एवढंच."

आणि मी गेलो. हो, गेलो. पोत्यात कुकर, तवा, दोन ताटं घेऊन, बायकोला घेऊन, बसनं. ज्या घरातून मला काढलं त्या घरात मीच राहतो असं दाखवायला. शाळेतल्या नाटकात मला कधी साधा भालदारसुद्धा केला नव्हता. इथं एकदम मुख्य काम.

पोरांना बाहेर पाठवलं होतं. कॉटा सरांच्या गॅरेजमध्ये. मॅडम सुनंदाला म्हणाल्या, "मुलांच्या भांड्यांना हात लावू नका हं. त्यांच्या घरचे लोक विचारतात." सर अंगणात उभं राहून दोरी बघत होते. "साडी पुढं घाल. शर्ट मागं. बाईमाणूस राहतंय हे लांबून दिसलं पाहिजे." सुनंदानं धुतलेलीच साडी पुन्हा ओली करून दोरीवर घातली. मी आपल्या डोक्यानं भर घातली. साहेब गेटात आले तसं तोंडाला फेस लावून अंगणात दाढी करायला बसलो. घरातला माणूस वाटलं पाहिजे ना!

साहेब हुक्केरीकडचे, कन्नड बोलणारे, पण मराठी कळणारे. म्हणाले, "इथंच राहताय न री? भाडं जास्त मागत न्हाईत न?"

"न्हाय साहेब. सर म्हंजे देवमाणूस." फेस तोंडात गेला. साबणाची चव अजून जिभेवर आहे.

साहेब गेले. आम्ही पोतं बांधून निघालो. बसस्टॉपवर सुनंदा म्हणाली, "कुकरची शिट्टी ऱ्हायली वाटतंय." मी एकटा परत गेलो.

मागं पाण्याचा आवाज येत होता. मॅडम फिनेलची बाटली घेऊन उभ्या. आणि पाइप कुणाच्या हातात? सरांच्या. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून सर फरशी धूत होते. समतेवर बोलताना त्यांचा उजवा हात जसा हलतो तसाच हलत होता. कट्टा धुतला. उंबरा धुतला. सुनंदा बसली होती ती जागा जरा जास्त.

मॅडम म्हणत होत्या, "कोपऱ्यातून मारा. मुलं येतील आता."

सरांनी मला बघितलं. पाइप बंद केला नाही.

"अरे, या पोरांच्या घरचे लोक जुन्या वळणाचे आहेत. आपलं काही नाही. मी कसा आहे ते तुला माहीतच आहे."

"व्हय सर."

फिनेलचं पाणी उंबऱ्यावरून खाली आलं आणि माझ्या पायावरून गेलं. मी सवयीनं चपला बाहेर काढल्या होत्या.

"शिट्टी राहिली माझी," म्हणालो.

मॅडमनी बोट दाखवलं. "तिथं ठेवलीय भिंतीवर. घ्या."

कंपाउंडची भिंत. कागदाच्या तुकड्यावर शिट्टी. तेव्हा मला कावळे कळले. डबा कळला. सरांचं पोट कळलं. आईनं पदराखाली का हात घेतले होते ते कळलं. आमच्या निपाणीच्या दारासमोर उभा राहिलेला माणूस कळला. एकदम सगळं कळलं, आणि मी शिट्टी खिशात घालून "येतो सर" म्हणालो. काय करू, तोंडाला वळणच तसं होतं.

घरी येऊन मी सुनंदाला काही सांगितलं नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही. मला लाज धुण्याची वाटत नव्हती. ते त्यांचं. मला लाज माझी वाटत होती. आमच्यासाठी केलेला नियम होता. आमच्या नावानं परवानगी. आमच्या नावानं विटा. आमच्या नावानं वीज आणि नळ. आणि त्या घरात आम्ही तेवढे नको होतो. आमचं गरीब असणं पाहिजे होतं, आम्ही नको होतो. आणि ते गरीब असणं पोत्यात घालून, बसचं तिकीट स्वतः काढून, मी त्यांच्या दारात पोचवलं होतं. शेवटी सुनंदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला ठाव हुतं."

"कधीपास्नं?"

"हुग्गीपास्नं."

पुन्हा फोन आला. तोच आवाज, तेच शब्द. "उद्या साहेब येतायत. वहिनींना घेऊन ये."

सकाळी सुनंदानं विचारलं, "पोतं भरू?"

"नको. नुसती चल."

आम्ही रिकाम्या हातानं गेलो. सर गेटात वाट बघत होते. "सामान कुठाय?"

"आणलं न्हाय सर."

"अरे, साहेब आलेच! दोरी रिकामी आहे. वहिनी, निदान एखादी चादर..." ते स्वतःच्या घरातली चादर आणायला वळले. तेवढ्यात साहेबांची गाडी थांबली. सर लगेच हसले. "या, या. हे आमचे भाडेकरू. ओळखलंत ना?"

मी म्हणालो, "साहेब, मी इथं राहत न्हाय. अनगोळात राहतो. इथं कॉलेजची पोरं राहत्यात. कॉटा गॅरेजात हायत्या."

आवाज चिरकला. नाटकात हिरो बोलतो तसं काही झालं नाही.

साहेबांनी मला खालून वर बघितलं. "मागच्या टायमाला तुमीच दाढी करत होता की री इथं. त्यातलं खरं कुठलं, ह्यातलं खरं कुठलं?"

"हे खरं."

"मग ते?"

"ते सरांनी करायला सांगितल्यालं."

"तुमी काय लहान पोर काय री? सांगितलं की करायला?"

मी गॅरेजकडं बोट दाखवलं.

साहेब गॅरेजकडं गेले. सर माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "तुला मी शिकवलं. तुला वखारीतून मी बाहेर काढलं. त्याचे हे पांग फेडलेस?"

मी ताडकन म्हणालो, "व्हय सर, तुम्हीच शिकवलं. खोटं बोलायलाबी तुम्हीच शिकवलं."

असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे हे वाक्य मला परतीच्या बसमध्ये सुचलं. तिथं मी गप्प उभा होतो. पण मागं हटलो नाही, एवढं खरं. साहेब परत आले, म्हणाले, ऑफिसात सुनावणी होईल. तिथं सगळ्यांसमोर हेच सांगावं लागेल, आणि मागच्या खोट्याबद्दल तुम्हालाही विचारलं जाईल. त्यांनी मला शाबासकी दिली नाही. ते बरंच झालं. शाबासकी दिली की मी विरघळतो. त्याच व्यसनानं माझं वाटोळं केलं.

आठवड्याच्या आत सर अनगोळात आले. आमच्या गल्लीत, खोलीच्या दारासमोर.

"आत या सर," मी म्हणालो.

"नको, इथंच बरंय. ऐक. पोरांना काढतो. तू ये परत. खरोखरचं राहा. तेजूची शाळा जवळ पडेल. सुनावणीत एवढंच म्हण, की गैरसमज झाला होता. बाकी मी बघतो."

तेजू आत अभ्यास करत होती. तिनं पान उलटायचं थांबवलं. ते मला ऐकू आलं. खरं सांगतो, मी डगमगलो. दोन खोल्या. अंगण. पोरीला चालत शाळा. फक्त एक वाक्य बोलायचं, आणि खोटं बोलायची तर मला आता सवय होती. म्हटलं, सरांनी गैरसमज म्हटलंय, म्हणजे माझाच असणार.

मग मला दिसलं, सर बोलताना आमच्या उंबऱ्याला पाय लागू नये म्हणून जरा मागं सरून उभे होते. त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं. ध्यानात नव्हतं, हेच जास्त वाईट.

"न्हाय सर," मी म्हणालो. "गैरसमज माझा झालता. तो मी आता काढून टाकला."

सर गेले. आमच्या गल्लीच्या तोंडाला वळून बघितलंही नाही. मला वाईट वाटलं. आजही वाटतं. ज्यानं आपल्याला अक्षर दिलं त्यानंच आपल्याला विकलं, याचं दुःख शत्रूनं मारल्याच्या दुःखापेक्षा वेगळं असतं. शत्रूला शिवी देता येते. इथं शिवी तोंडात येते आणि तिथंच अडकते, कारण तोंड उघडायला त्यांनीच शिकवलेलं.

पण सुनावणीला मी जाणार. माझं खोटं आधी सांगणार, मग त्यांचं. दंड केला तर भरणार, हाकललं तर पुन्हा जाणार. त्या कॉलनीत बंगल्यांच्या मागं अशी घरं आणखी आहेत. तिथं कुणाच्या नावानं कोण राहतंय, ते दारोदार जाऊन विचारणार. आणि त्यातलं एक घर मागणार. मेहरबानी म्हणून मागणार नाही. समजून घ्यायला मागणार नाही. नियमानं आमचं आहे म्हणून मागणार. नाही मिळालं तर नाही मिळालं. पण आमच्या नावावर दुसऱ्याची कॉट मी यापुढं टाकू देणार नाही.

हे सगळं मी काल सुनंदाला उभा राहून म्हणून दाखवलं, सुनावणीत बोलायचं तसं. ती तांदूळ निवडत होती. ताट बाजूला न ठेवता म्हणाली,

"बोला की. चांगलंच बोलताईसा. पर ह्या बारीला हात खिशात घाला. त्या दिवशी साहेबाफुडं न्हाय म्हणतानाबी तुमी सरांकडं बघून हात जोडलं हुतं."